चपलांचा नंबर

लग्नात पंगतीला बसले, बसस्टँडवर उभी राहिले, तरी लोक मला एकच विचारतात. "मॅडम, पाताळबोटीला गर्दी कधी नसते?" दातांच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं ठेवून विचारलं होतं. उत्तर देता येत नाही म्हटल्यावर त्यांनी हातातलं यंत्र थांबवलं आणि वाट पाहत बसले.

तर आधी तेच सांगते. ज्यांना तेवढंच हवं असेल त्यांनी पुढं पान उलटायला हरकत नाही.

आमच्या पार्कचं दार सकाळी दहाला उघडतं. आत शिरलं की समोर माणसं बसतात त्या मोठ्या फिरत्या कपबशा दिसतात आणि सगळं कुटुंब तिथंच अडकतं. तुम्ही अडकू नका. सरळ मागं चालत जा, पाताळबोट अगदी शेवटी आहे. पहिला अर्धा तास बोटी निम्म्या रिकाम्या जातात. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान लोक डबे सोडून बसतात, तेव्हा या. सणाच्या दिवशी या, सणाच्या दुसऱ्या दिवशी येऊ नका. सणाला माणूस पुरणात गुंतलेला असतो, दुसऱ्या दिवशी लेकी-जावई घेऊन आमच्याकडे येतो. लग्नाची तिथी दाट असेल तेव्हा या. शाळेच्या सहली अकराला येतात आणि चारला निघतात. रांगेला दोन फाटे असतील तर डावा धरा. आपली माणसं मोकळं सोडलं की उजवीकडे वळतात. का ते मला माहीत नाही, पण चौदा वर्षं रोज पाहिलं आहे. आणि हे काहीच जमत नसेल तर बुधवारी या.

चौदा वर्षं मी पाताळबोटीच्या रांगेवर होते. कार्डावर 'क्यू सुपरवायझर' लिहिलेलं होतं. लोक शिट्टीवाली बाई म्हणत. आता गुडघ्यांनी मला ऑफिसात खुर्चीवर बसवलं आहे.

पार्क जालन्याच्या बाहेर, हायवेला. पाताळबोट म्हणजे सोळा माणसांची लांबट बोट. ती सिमेंटच्या एका मोठ्या गुहेतून संथ फिरते, अंधारात दोन वळणं घेते, पट्ट्यावरून वर चढते आणि एकदम खाली पाण्यात कोसळते. कोसळायला चार सेकंद लागतात. त्या चार सेकंदांसाठी माणूस दोन तास उन्हात उभा राहतो. याला वेडेपणा म्हणणारे पुष्कळ भेटले. मला तो कधी वेडेपणा वाटला नाही. आपल्या भागात आनंदासाठी रांग लावायची वेळ माणसावर कितीदा येते?

मी कुंभार पिंपळगावची. वडील आठवडी बाजारात दोर आणि दावी विकायचे. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, मी बी.कॉम. झाले. निकालाच्या दिवशी वडिलांनी मार्कशीट उलटी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बराबर हाय." या वाक्याचा मला आजही अभिमान आहे. तोच अभिमान पुढं माझ्या मानेत भरला, तेही सांगणार आहे.

रांगेचं काम म्हणजे शिट्टी वाजवणं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. माणूस थांबायला चिडत नाही. किती थांबायचं ते कळलं नाही की चिडतो, आणि कुणी पुढं घुसला की पेटतो. म्हणून मी दर दहा मिनिटांनी रांगेतून चालत जायचे आणि ओरडून सांगायचे, "इथून पुढं चाळीस मिनिटं!" खरी पस्तीसच असायची. पाच मिनिटं आधी नंबर लागला की माणूस स्वतःला नशीबवान समजतो. पाइपांचे कठडे नागमोडी लावायचे ते जागा वाचवायला तर खरंच, पण त्यामुळं माणसाला समोरच्याची पाठ दिसत नाही, येणाऱ्याचं तोंड दिसतं. तोंड दिसलं की बोलणं होतं. माझ्या रांगेत दोन सोयरिकी जुळल्या आहेत.

आणि नमुने! एक गृहस्थ दर वेळी फोन माझ्या कानाला लावायचे. "घ्या, बोला, आमचे मेहुणे हायत." मेहुणे कोण ते चौदा वर्षांत कळलं नाही; मी फोनवर त्यांची ख्यालीखुशाली विचारून परत द्यायचे आणि गृहस्थांना मागं पाठवायचे. आणखी एक बाई होत्या, हातात पाण्याची बाटली, शांत, एकट्या. दीड तास उभ्या. बोट समोर आली आणि त्यांनी मागं वळून हाक दिली, "या रे समदे!" कपबशांच्या मागून बावीस माणसं निघाली. मागच्या रांगेनं जो गोंधळ केला, त्यात एक कठडा वाकला तो आजही वाकडा आहे.

"अहो, एकीचा नंबर आणि बावीस जण?" मी म्हणाले.

"मंग काय झालं? मी धरला की नंबर. आमच्यात एक जण धरतो आन् घर जेवतं."

नंबर धरणं ही आपल्याकडची जुनी रीत. टँकर यायचा तेव्हा माझी आई पहाटे घागर नेऊन ठेवायची आणि घरी येऊन भाकरी टाकायची. घागर रांगेत उभी राहायची. गावातल्या सगळ्यांना घागरी ओळखू यायच्या, कुणाची पोचा पडलेली, कुणाची कडी तुटलेली. रांग पुढं सरकली की मागची बाई आपल्या घागरीआधी पुढच्या घागरी सरकवायची. रेशनच्या दुकानापुढं पिशवी, दवाखान्यापुढं वीट. वस्तू ठेवली म्हणजे माणूस उभा आहे, असं धरायचं.

माझ्या रांगेत लोक चपला ठेवायचे. पाताळबोटीत चढताना पायातलं काढावंच लागतं, मग आधीच काढून रांगेत ठेवायच्या आणि आपण सावलीत बसायचं.

बावीस जणांच्या प्रकारानंतर साहेबांनी मला बोलावलं. ते पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आलेले. म्हणाले, "रांगेत माणूस दिसला पाहिजे, सामान नको." मला ते एकदम पटलं. मी शिकलेली बाई. घागरी-विटांचा कारभार मला मागासलेला वाटायला लागला होता. मी स्वतः बोर्ड रंगवला, ठळक अक्षरांत: 'वस्तू किंवा चपला ठेवून नंबर लागणार नाही. माणूस उभा पाहिजे.' अक्षर माझं वळणदार. येणारा-जाणारा वाचायचा तेव्हा मला बरं वाटायचं.

त्या दिवसापासून मी हातात युरियाचं रिकामं पोतं घेऊन फिरायला लागले. रांगेत बिनमाणसाची चप्पल दिसली की पोत्यात. संध्याकाळी पार्क बंद होताना ऑफिसातून परत मिळेल. पंधरा दिवसांत रांग सरळ झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

मग दिवाळीच्या सुट्या लागल्या. भाऊबीज झालेली, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. रांग कठडे सोडून नारळपाण्याच्या गाड्यापर्यंत गेलेली. मी सकाळपासून ओरडून घसा बसवलेला. साडेबाराच्या सुमारास कठड्यांच्या दुसऱ्या वळणावर मला दोन जोड दिसले. एक बाईच्या निळ्या प्लॅस्टिकच्या चपला, एक टायरच्या तळाच्या पुरुषाच्या, अंगठ्याजवळ तारेनं शिवलेल्या. शेजारी शेजारी, अगदी जुळवून ठेवलेल्या.

मी उचलल्या. मागं उभा असलेला माणूस म्हणाला, "मॅडम, राहू द्या. म्हातारा-म्हातारी हायत, तिकडं लिंबाखाली बसलेत. आम्हीच सरकवत आणल्यात."

"बोर्ड वाचा," मी म्हणाले आणि पोत्याचं तोंड आवळलं.

ते वाक्य आज मला टोचतं. रांगेला त्या चपला मान्य होत्या. तासभर अनोळखी माणसांनी त्या पुढं सरकवत आणल्या होत्या. हरकत फक्त माझी होती.

नंबर जवळ आला तेव्हा दोघं आले. तो सत्तरीच्या आसपासचा, पांढरी टोपी, एक पाय ओढत. ती त्याच्या दंडाला धरून. त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडं.

"बाई, हितं आमच्या चपला व्हत्या."

"पोत्यात आहेत. संध्याकाळी मिळतील."

"आन् आमचा नंबर?"

"नंबर माणसाचा असतो, बाबा. मागं जाऊन उभे राहा."

"उभं न्हाई ऱ्हावत वं मला. कंबर गेली. म्हणून तर..." मग त्यानं आवाज खाली आणला. "हिला जरा दिसतंय तवर..."

"सगळ्यांनाच घाई आहे, बाबा," मी म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

त्यांनी वाद घातला नाही. दोघं अनवाणी चालत शेवटी गेले. मी अधूनमधून पाहत होते. तो कठड्यावर हात टेकून उभा, मध्येच खाली बसायचा, रांग हलली की ती त्याला उठवायची. साडेपाचला शेवटची बोट सोडून मी साखळी लावली, तेव्हा त्यांच्या पुढं पंचवीस-तीस माणसं होती. भोकरदनची शेवटची गाडी गाठायची म्हणून ते ऑफिस उघडायची वाट न पाहता गेले. अनवाणीच. हे मला वॉचमननं नंतर सांगितलं.

आमचे सलीमभाई तेव्हा रजेवर होते. पाताळबोटीचा पंप, पट्टा, दिवे सगळं त्यांच्याकडं. पार्कचा पाया खणला तेव्हापासूनचा माणूस. आठवड्यानं परत आले आणि ऑफिसात चहा घेताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. न नेलेल्या चपलांचा ढीग होता. त्यांनी वाकून टायरची चप्पल उचलली, तारेच्या टाक्यावरून बोट फिरवलं.

"ये तो सांडू मिस्तरी की है. कहाँ मिली?"

"कोण सांडू मिस्तरी?"

"अरे, सळया बांधायची तार आहे ही. चप्पल तुटली की तो मोच्याकडं जायचा न्हाई, साइटवरच्या तारेनं शिवायचा. गुफा किसने बनाई, मालूम है आपको? इंजिनियरनं कागद दिला, हात त्याचा."

मग सलीमभाईंनी जे सांगितलं ते असं. सांडू मिस्तरी पिंपळगाव रेणुकाईचे. गुहेच्या भिंती उभ्या करायच्या होत्या तेव्हा इंजिनियर म्हणाले, सिमेंट वाटायला नको, डोंगर वाटला पाहिजे. मिस्तरींनी विचारलं, कोणचा डोंगर? इंजिनियर हसले, कोणताही करा. मिस्तरींना एकच डोंगर नीट पाठ होता. त्यांच्या बायकोचं माहेर धावड्याचं. लग्नानंतर तिला माहेराहून आणायला जायचे तेव्हा तिच्यासोबत गावामागच्या टेकडीवर बकऱ्यांकडं जाऊन बसायचे. त्यांनी ती टेकडी केली. उतरता कडा, बकऱ्या बसायच्या ती कपार, उंटासारखे दोन दगड. आठ महिने ओल्या सिमेंटवर पोत्याचा तुकडा आणि थापी घेऊन ते टेकडी आठवत होते.

"उद्घाटन झालं, गेटवर वॉचमन आला," सलीमभाई म्हणाले, "मंग मिस्तरीला कोण आत घेतंय? मैं बोला था, एक दिन भाभी को लेके आओ. बोला, बीवी की आँखें जा रही हैं, जल्दी आना पडेगा. काचबिंदू हाय त्यांना."

'हिला जरा दिसतंय तवर.' वाक्य मी पुरं होऊ दिलं नव्हतं, ते सलीमभाईंनी आता पुरं केलं.

मी दुसऱ्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईला गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेले नाही. सहलींचा हंगाम होता, रजा मिळत नव्हती, हे खरं आहे आणि खोटंही आहे. दोन रविवार मला सुटी होती. मी घरी बसून राहिले. जाऊन म्हणायचं काय, हेच कळत नव्हतं. चपला मात्र पोत्यातून काढून धुतल्या आणि माझ्या कपाटात ठेवल्या. रोज कपाट उघडलं की त्या दिसायच्या. असे दोन महिने गेले.

शेवटी डिसेंबरच्या अखेरीस भोकरदनला उतरून काळीपिवळी जीपनं गेले. रेणुकाईच्या देवळाच्या मागच्या गल्लीत घर. ओट्यावर म्हातारी सुपात तूर घेऊन बसली होती. डोळ्यांनी नाही, बोटांनीच खडे वेचत होती.

"सांडू मिस्तरींचं घर हेच का?"

आवाज ऐकून तिचा हात थांबला. "शिट्टीवाली ना तू?"

मी काही बोलायच्या आत तिनं आत हाक दिली, "अवं, आली बघा. चपलांची मालकीण."

मिस्तरी बाहेर आले, मला पाहून टोपी सारखी केली. "या बाई, या. बसा." मी पिशवीतून दोन्ही जोड काढून ओट्यावर ठेवले.

"माझी चूक झाली, मिस्तरी. मला माहीत नव्हतं."

"न्हाई न्हाई, नियम तुमचा बराबर हाय. बोर्ड व्हता म्हणं. मला वाचता येत न्हाई, त्याला तुम्ही काय करणार?"

मी तो बोर्ड स्वतःच्या हातानं लिहिला होता. माझ्या आईलाही तो वाचता आला नसता.

"तुम्हाला काय, कुणी बी आलं तरी गोडच बोलायचं," म्हातारी म्हणाली. तिचं नाव कौतिकाबाई. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "बाई, तू शिकली-सवरलेली. आमच्या गावात नंबराच्या घागरीला कुत्रं बी शिवत न्हाई. तू आमाला अनवाणी धाडलं. सडकेवर काटं नव्हतं, लोक व्हते. बघून राह्यले व्हते."

मग तिनंच सूप बाजूला सारलं आणि आत जाऊन चहा ठेवला. भिंतीला हात लावत गेली. मी मिस्तरींना विचारलं, "किती दिसतं त्यांना?"

"समोरचं नळीतून पाह्यल्यावानी. कडंचं गेलं. डाक्टर म्हणतो, गेलेलं येत न्हाई, ऱ्हायलेलं जपा. दिवाळीत बरं व्हतं."

"मी तुम्हाला मागच्या दारानं सोडते," मी म्हणाले. "बोटीतून लोक उतरतात तिथून. एक मिनिट थांबावं लागणार नाही. मी आजवर कुणालाच तसं सोडलं नाही."

मिस्तरींनी मान हलवली. "मागच्या दारानं आठ महिने रोज गेलो की, बाई. घमेलं घेऊन. आता हिला घिऊन म्होरून जायचंय." मग विचारलं, "गर्दी कवा नसती?"

चौदा वर्षांत हा प्रश्न मला हजारोंनी विचारला असेल. "बुधवारी या," मी म्हणाले. "सकाळी दहाला."

ते आले मंगळवारी, बाराला. कौतिकाबाईंची जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली तारीख मंगळवारची होती आणि दोनदा एवढ्या लांब येणं मिस्तरींच्या कंबरेला जमणार नव्हतं. त्या दिवशी सहलीच्या तीन बस लागलेल्या. रांग कठड्यांच्या पाचही वळणांत भरलेली, सव्वा तासाची.

दोघं रांगेच्या शेवटी आले. मिस्तरींनी माझ्याकडं पाहिलं. मी बोर्डापाशी गेले, तो खिळ्यावरून काढला आणि भिंतीकडं तोंड करून खाली ठेवला. मग म्हणाले, "चपला ठेवा, मिस्तरी. लिंबाखाली बसा."

त्यांनी वाकून दोन्ही जोड रांगेत जुळवून ठेवले. टायरच्या आणि निळ्या.

मागं एका शाळेच्या मुली होत्या, नववी-दहावीच्या, रिबिनी बांधलेल्या. त्यातली एक खाली पाहून मला म्हणाली, "मॅडम, या चपला नंबराच्या हायत का?"

"हो."

"कुणाच्या?"

"त्या लिंबाखाली बसलेत त्यांच्या. ही गुहा त्यांनी बांधली आहे."

मुलगी मैत्रिणीकडं वळली. "ए, नंबराच्या हायत गं. पाय नको लावू, हातानं सरकव."

मग मी सव्वा तास पाहिलं ते असं. रांग हलायची, मुलगी वाकायची, दोन्ही जोड उचलून दोन पावलं पुढं ठेवायची, तोंड गुहेकडं करून. ती दमली की दुसरी. एका वळणावर पुढच्या कुटुंबातला माणूस मागं वळला, त्यानं विचारलं, मुलींनी सांगितलं. तेव्हापासून तो स्वतः सरकला की मागं हात करून चपलाही पुढं घ्यायचा. कुणी पुढं घुसलं नाही, कुणी तक्रार केली नाही. त्या दिवशी मला शिट्टी लागली नाही. आई भाकरी टाकत असायची तेव्हा तिची घागर अशीच कुणीतरी सरकवत असणार. मला हे ठाऊक होतं, पण बी.कॉम. होता होता मी ते विसरून आले होते.

नंबर आला. मी लिंबाकडं हात केला. दोघं आले, रांग बाजूला झाली. बोटीत चढताना त्यांनी चपला माझ्याकडं दिल्या. मी त्या उतरायच्या बाजूला पाठवल्या आणि नोकरीत पहिल्यांदा ड्यूटीवर असताना शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

गुहेत शिरलो आणि सगळे दिवे लागले. रंगीत, लुकलुकते नव्हेत. दुरुस्तीच्या वेळी लावतात ते पांढरे, लख्ख. सलीमभाईंना मी सांगून ठेवलं होतं. मुली ओरडल्या, "अय्या, भीतीच गेली!" पाण्याचा वेग मंदावला. सलीमभाईंनी पंप हळू केला होता. पांढऱ्या उजेडात पाइप दिसत होते, वायरी दिसत होत्या, आणि भिंत दिसत होती. इतकी वर्षं मी तिच्यापासून पन्नास पावलांवर उभी होते. पंप बिघडला तेव्हा टॉर्च घेऊन गुडघाभर पाण्यातून आतही गेले होते. तरी मी तिला भिंतच समजत होते.

"हा कडा," मिस्तरी पुढच्या बाकावर म्हणत होते. "डावीकडं बघ. अजून डावीकडं. ही कपार. तुज्या बापाच्या बकऱ्या बसायच्या ती."

कौतिकाबाई डोकं हळूहळू फिरवत होत्या, नळीतून पाहावं तसं, वीत वीत.

"हां."

"आन् त्ये दोन दगडं बघ, उंटावानी."

"कुठं?"

"वर. गेलं बघ आता. मागं गेलं."

"थांबवा की जरा!" त्या म्हणाल्या. पण बोट थांबवता येत नाही. थांबली तर मागची येऊन धडकते. दगड मागं गेले. पट्टा लागला, बोट वर चढली आणि कोसळली. सगळी बोट किंचाळली.

बाहेर आलो तेव्हा दोघं भिजलेले. मी हात देऊन त्यांना उतरवलं आणि मला राहवलं नाही. "दिसलं का, काकू?"

कौतिकाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "दिसलं की. कपार बराबर हाय. उंट न्हाई सापडलं, ते यांनी सांगितलं." मग हसल्या. "पर बाई, आमच्या टेकडीला येवढं पाणी जल्मात नव्हतं."

मिस्तरीही हसले. त्यांच्या टोपीतून पाणी गळत होतं.

"दिवाळीत उंट बी दिसलं असतं," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. पाऊस उशिरा आला असं सांगावं, तसं सांगितलं.

मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, इथून पुढं चाळीस मिनिटं, इथून पुढं तास. त्या बाईच्या डोळ्यांपुढं किती उरलं होतं ते तिच्या नवऱ्यानं मला सांगायचा प्रयत्न केला होता, आणि मी शिट्टी वाजवली होती. वर दोन महिने मी माझ्या लाजेपायी घालवले. ते त्यांच्या उरलेल्या नजरेतून गेले, माझ्या नाही.

दिवे लावल्याबद्दल साहेबांनी मला मेमो दिला. तो माझ्या मार्कशीटच्याच फाइलमध्ये आहे. बोर्ड परत लागला. नियम आजही तोच आहे. पण पोतं मी पुन्हा हातात घेतलं नाही.

त्या दिवशी निघताना कौतिकाबाई उतरायच्या फळीवर उभ्या राहून पायानं चपला चाचपडत होत्या. चपला उजव्या बाजूला होत्या, त्या डावीकडं शोधत होत्या. पाऊल ओल्या फरशीवर पुढं जायचं, काही लागायचं नाही, मागं यायचं. बोट कोसळल्यापासून मिस्तरींची कंबर धरली होती, त्यांना वाकता येत नव्हतं. या हातांनी मी शेकडो चपला उचलल्या होत्या. मी खाली बसले, निळा जोड उचलला, पदरानं पुसला आणि त्यांच्या पायांशी, तोंड पुढं करून, जुळवून ठेवला.

"हितं हायत, काकू," मी म्हणाले. माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी 'हितं' आलं.